गुणपत्रिकेतलं अक्षर कसं वाचायचं: गावाकडून कॉलेजात आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

बारावीपर्यंत सगळा हिशेब टक्क्यांचा असतो. कॉलेजच्या पहिल्या सेमचा निकाल लागतो, मोबाईलवर ओ, ए प्लस, बी, पी अशी अक्षरं येतात आणि घरी पहिला प्रश्न येतो, "म्हणजे किती टक्के पडले?" आईवडिलांना सांगता येत नाही, कारण आपल्यालाच नीट कळलेलं नसतं. मी तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. दर वर्षी हुशार, कष्टाळू मुलं पहिल्या सेमला पुरवण्यांवर पुरवण्या लावतात आणि सी किंवा पी घेऊन खट्टू होतात. ते कमी शिकलेले नसतात. बहुतेकांचं शिकणं एका पायरीवर थांबलेलं असतं आणि वरच्या पायऱ्या आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्या पायऱ्या कोणत्या आणि कशा चढायच्या, तेवढंच इथे सांगतो.

पायरी १: आधी आकड्यांचा हिशेब समजून घ्या

नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ, अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ आणि गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, यांपैकी कुठल्याही कॉलेजात तुम्ही असलात तरी पद्धत श्रेयांकांची म्हणजे क्रेडिटची आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला सेममध्ये १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. नव्या शैक्षणिक धोरणात एका सेमला साधारण २२ क्रेडिट असतात, तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची.

विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेली दहा गुणांची श्रेणी अशी आहे: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४. एफ म्हणजे नापास. नापास आणि गैरहजेरी, दोन्हीला शून्य. किती मार्कांना कुठलं अक्षर, हा तक्ता प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमांत देतं. तो कॉलेजातून झेरॉक्स करून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

एका सेमच्या श्रेणीगुणांची सरासरी म्हणजे एसजीपीए. तो काढायचा तर प्रत्येक विषयाचे क्रेडिट त्याच्या श्रेणीगुणाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनी भागायचं. समजा चार क्रेडिटच्या एका विषयात ए (४ × ८ = ३२), चार क्रेडिटच्या दुसऱ्यात बी प्लस (२८), दोन क्रेडिटच्या एकात ओ (२०) आणि दोन क्रेडिटच्या दुसऱ्यात सी (१०). बेरीज ९०, क्रेडिट १२, एसजीपीए ७.५. आता तोच ओ चार क्रेडिटच्या विषयात आणि ए दोन क्रेडिटच्या विषयात असता, तर बेरीज ९४ झाली असती आणि एसजीपीए ७.८३. म्हणून मुख्य विषयाकडे दुर्लक्ष करून सोप्या दोन क्रेडिटच्या पेपरात रात्री घालवू नका. सगळ्या सेमचा मिळून होतो तो सीजीपीए. आणि ७.५ म्हणजे ७५ टक्के असं परस्पर ठरवू नका. नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या फॉर्मवर टक्के लिहायचे असतील तर तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्रच वापरा.

घरी सांगताना एवढं पुरे: "दहापैकी साडेसात, आणि एकही विषय राहिला नाही."

पायरी २: अक्षराच्या मागे शिकण्याची कुठली पातळी आहे ते ओळखा

शिकण्याच्या पायऱ्या शिक्षणशास्त्रात फार पूर्वीच मांडल्या गेल्या आहेत. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एक उतरंड मांडली आणि २००१ साली ती सुधारली गेली: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, मूल्यमापन करणं, नवं घडवणं. तुमच्या अभ्यासक्रमात 'हा कोर्स पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला अमुक करता येईल' अशी वाक्यं असतात, ती याच उतरंडीवरून लिहिलेली असतात. दुसरी मांडणी जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस यांची, १९८२ सालची. माझ्या मते उत्तरपत्रिका समजून घ्यायला ही जास्त कामाची आहे, कारण उत्तराचा बांधा कसा आहे एवढंच ती बघते. मुद्दा हाती लागलाच नाही, एक मुद्दा लागला, चार मुद्दे लागले पण सुटे, चारही एकमेकांशी जोडले, आणि जोडून झाल्यावर ती समज नव्या ठिकाणी नेली. अशा पाच अवस्था.

एकच प्रश्न घेऊन दाखवतो. विज्ञान शाखेचा नेहमीचा प्रश्न आहे: 'नैसर्गिक निवड म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा.'

पहिलं उत्तर असं असतं: "हा सिद्धांत चार्ल्स डार्विन यांनी मांडला. त्यांचा जन्म १८०९ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी बीगल जहाजातून प्रवास केला. १८५९ साली ग्रंथ लिहिला. जो सक्षम तो टिकतो." दोन पानं भरतात, अक्षर सुंदर असतं, पण प्रश्नाला लागणारा मुद्दा एकच आहे, शेवटचा. बाकी डार्विनचं चरित्र आहे. ही पी किंवा सीची पातळी.

दुसरं उत्तर चार मुद्दे क्रमाने देतं: सजीवांत भेद असतात, संतती गरजेपेक्षा जास्त होते, जगण्यासाठी स्पर्धा होते, अनुकूल गुण पुढच्या पिढीत उतरतात. खाली पुस्तकातलं पतंगाचं उदाहरण, जसंच्या तसं: इंग्लंडात कारखान्यांच्या काजळीने झाडं काळी पडली, पांढरट पतंग पक्ष्यांना दिसू लागले आणि काळे पतंग वाढले. सगळं बरोबर आहे. पण पहिला मुद्दा काढून टाकला तर बाकीचे तीन कोसळतील, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे का ते उत्तरातून कळत नाही. सी ते बी.

तिसऱ्या उत्तरात 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' हे शब्द येतात आणि ते शोभेचे नसतात. "भेद आधीपासूनच असतात. त्यांतले काही पिढीजात असतात. म्हणून परिस्थिती बदलली की ज्यांच्याकडे उपयोगी भेद आहे ते जास्त संख्येने जगतात, त्यांची पिल्लं जास्त होतात, आणि काही पिढ्यांनी सगळ्या संख्येचं रूपच बदलतं." पतंगाच्या उदाहरणात तो मुद्दाम सांगतो की काळे पतंग काजळीमुळे तयार झाले नाहीत, ते थोडे का होईना आधीपासून होते. इथे तपासणाऱ्याची खात्री पटते की मुलाला समजलंय. बी प्लस ते ए.

चौथं उत्तर आपल्या वावरातून येतं. पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, गुलाबी बोंडअळी. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीटी बियाणं २००६ साली आलं, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भात बोंडअळीने कापूस पोखरला. पारावर लोक म्हणतात, "अळीले बीटीची सवय झाली." या मुलाने लिहिलं की कुठल्याही एका अळीला सवय होत नाही. बीटीचं विष सहन करणाऱ्या मोजक्या अळ्या आधीपासून होत्या. बाकीच्या मेल्या, या जगल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढत गेली.

आणि तो इथे थांबला नाही. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी सरकीचं वेगळं पाकीट यायचं, ते बहुतेकांनी लावलंच नाही, याचा अर्थ त्याने लावला. बिगर बीटी झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात, आणि प्रतिकाराचा गुण अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असेल तर त्या जोडीची पिल्लं बीटी झाडावर मरतात. आश्रयाच्या या ओळी नसतील तर प्रतिकारक अळ्यांची जोडी आपसातच जुळते. शिवाय फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांवरून जास्तीचा कापूस घ्यायच्या, आशेने पऱ्हाटी जानेवारीच्या पुढे उभी ठेवली, तर जवळपास फक्त कपाशीवर जगणाऱ्या या अळीला जास्तीच्या पिढ्या मिळतात, म्हणजे निवडीच्या जास्तीच्या फेऱ्या. ही ए प्लस, ओची पातळी. उत्तराची लांबी पहिल्या उत्तराएवढीच.

या चौथ्या उत्तरासाठी लागणारा माल आपल्याकडच्या मुलांजवळ लहानपणापासून असतो. शहरातल्या मुलाला बोंडअळी चित्रात बघावी लागते. तुम्ही ती बोंड फोडून पाहिलेली असते. तरीही गाईडमधलं पतंगाचं उदाहरण लिहून येता, कारण वावरातली गोष्ट पेपरात चालते असं वाटत नाही. ती चालते, फक्त संकल्पनेला जोडून लिहावी लागते. नुसतं बोंडअळीचं वर्णन लिहिलंत तर पुन्हा पहिल्याच पायरीवर याल.

कला आणि वाणिज्य शाखेतही हेच. मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) शिकताना वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा विचार करा. आंबिया बहार भरभरून आला की भाव एवढा का पडतो की जास्त माल विकूनही हातात कमी पैसा येतो? वनहक्क कायदा २००६ वर टीप लिहिताना गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला हे आठवा, आणि ग्रामसभेच्या हातात नेमकं काय आलं ते लिहा.

पायरी ३: प्रश्नातलं क्रियापद वाचा

प्रश्नातला विषय सगळे वाचतात, क्रियापद कमी जण. 'व्याख्या द्या', 'नावे लिहा', 'सांगा' म्हटलं की आठवण पुरते. 'स्पष्ट करा', 'फरक सांगा' म्हटलं की समज लागते. फरकाच्या प्रश्नाला डावीकडे एकाची माहिती आणि उजवीकडे दुसऱ्याची असं लिहून भागत नाही, प्रत्येक ओळीत तुलनेचा एकच निकष हवा. 'उदाहरण सोडवा', 'उपयोजन सांगा' म्हणजे वापर. 'कारणमीमांसा करा', 'परीक्षण करा', 'मूल्यमापन करा' म्हटलं की बाजू मांडायची, उलट बाजू मांडायची, आणि आपलं मत कारणासह द्यायचं.

पाच मार्कांच्या 'टीप लिहा' प्रश्नावर चार पानं लिहू नका. तो वेळ दहा मार्कांच्या 'परीक्षण करा' प्रश्नाला द्या.

पायरी ४: अभ्यासक्रमाची प्रत मिळवा

बरीच मुलं गाईड आणि आयएमपी प्रश्नांवर पहिलं वर्ष काढतात आणि मूळ अभ्यासक्रम कधीच बघत नाहीत. तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो. कोर्समधून काय साध्य व्हायचं आहे ते कॉलेजच्या वेबसाइटवर असणं नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनातही बघितलं जातं. गावात रेंज नसेल तर कॉलेजात असतानाच डाउनलोड करून ठेवा. प्रत्येक युनिटसमोर तीन गोष्टी लिहा: काय पाठ हवं, काय समजावून सांगता यायला हवं, आणि काय करून दाखवता यायला हवं. मागच्या तीन-चार परीक्षांचे पेपर घेऊन कुठल्या युनिटवर कुठल्या पातळीचा प्रश्न येतो ते बघा.

हे बघताना एक गोष्ट ध्यानात येईल. काही पेपर जवळजवळ संपूर्ण आठवणीवर बेतलेले असतात. अशा पेपरातला ए हा चांगल्या पाठांतराचाही असू शकतो, आणि विचार करायला लावणाऱ्या पेपरातला बी त्याहून खोल शिकण्याचा. कागदावर मात्र ए तो ए. हे मला खटकतं, आणि पेपर काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनी ते बदलायला हवं. तुमच्यापुरतं एवढं करा की सोप्या पेपरात ए मिळाला म्हणून तो विषय आला असं धरू नका. पुढच्या सेमला त्याच विषयाचा वरचा भाग येतो आणि तिथे हे उघडं पडतं.

पायरी ५: हंगाम बघून वेळापत्रक करा

हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. सोयाबीनची कापणी त्याच्या थोडी आधी. घरी हात कमी असतात, मजूर मिळत नाहीत, आणि वेचणीला जायचं नाही असं सांगणं घराघरांत शक्य नसतं. म्हणून वेळापत्रक उलटीकडून मांडा. पोळ्याच्या आत पहिली दोन युनिटं पाठांतरासकट पूर्ण. दसऱ्यापर्यंत उरलेली युनिटं एकदा वाचून, समजून. दिवाळीनंतर नवीन काही वाचायला घ्यायचं नाही, फक्त जुने प्रश्न सोडवायचे. पाठांतराला सलग वेळ लागत नाही, ते एसटीत होतं. जोडणी आणि वापर यांना मात्र सलग तास-दीड तास लागतो, तो पावसाळ्यातच काढून ठेवा.

दर आठवड्याला स्वतःची एक परीक्षा घ्या. वही बंद करा आणि तो भाग घरातल्या कोणाला तरी आपल्या वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथे समज कच्ची आहे. समजावता आलं की तोच भाग पेपरच्या भाषेत लिहून काढा. विज्ञान शाखेत पेपर इंग्रजीत लिहावा लागत असेल तर हे लिहून काढणं टाळू नका. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना विषय येत असतो आणि मार्क वाक्यरचनेपायी जातात. रोज पाच ओळी लिहा आणि त्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. लाजू नका.

शेवटी एक न पाहिलेला प्रश्न स्वतःच तयार करा: 'हे आपल्या गावात कुठे दिसतं? आणि एखादी गोष्ट बदलली तर काय होईल?'

पायरी ६: इंटर्नल आणि प्रकल्प वाया घालवू नका

इंटर्नलमध्ये चाचणी, असाइनमेंट, सेमिनार, हजेरी असं मिसळलेलं असतं. कुठल्या गोष्टीला किती मार्क ते पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून ठेवा. मोबाईलवरून उतरवलेली असाइनमेंट हजेरीसारखीच मोजली जाते, शिकण्याच्या दृष्टीने ती शून्य.

नव्या धोरणात क्षेत्रप्रकल्प, कार्यानुभव आणि लोकसहभागाच्या कामालाही क्रेडिट आहेत. खेड्यातल्या विद्यार्थ्याला सगळ्यात वरची पायरी गाठायची संधी इथे आहे, आणि तिथेच बहुतेक जण शहरातल्या सायबर कॅफेतून तयार फाईल आणतात. गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यानंतर दर महिन्याला दोरी सोडून मोजा. भंडारा-गोंदियाकडे असाल तर गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी कोण, कधी, किती घेतं ते ठरवणारी माणसं शोधा आणि त्यांचं बोलणं नोंदवा. आकडे थोडे असले तरी चालतील, पण स्वतः मोजलेले असावेत, आणि 'हे असं का' याचं उत्तर तुम्ही अभ्यासलेल्या संकल्पनेतून द्यावं. तोंडी परीक्षेत स्वतः मोजलेल्या मुलाला कुठलाही प्रश्न अडवत नाही.

पायरी ७: निकाल लागल्यावर

एफ आला तर आधी शांतपणे नियम बघा. बाकीच्या विषयांत मिळवलेले क्रेडिट जात नाहीत. ते तुमच्या अपार आयडीला (विद्यार्थ्याच्या कायम ओळख क्रमांकाला) जोडलेल्या क्रेडिट बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. राहिलेला पेपर पुढच्या परीक्षेत देता येतो. मुलींच्या बाबतीत एका एफवरून शिक्षण थांबवण्याचं बोलणं घरी सुरू होतं, म्हणून हे आईवडिलांना पहिल्या दिवशीच नीट समजावून सांगा. गरज वाटली तर वर्गशिक्षकांना फोन लावून द्या.

मार्क अपेक्षेपेक्षा कमी असतील तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा. तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली तो मान्य केला आहे. ती हातात आली की आधी बेरीज आणि न तपासलेला प्रश्न बघा. मग प्रत्येक उत्तरासमोर पेन्सिलीने लिहा: मुद्दाच चुकला, एकच मुद्दा आला, मुद्दे सुटे राहिले, जोडले गेले, की नव्या ठिकाणी वापरले. सगळीकडे 'एकच मुद्दा' येत असेल तर वाचन अपुरं आहे. 'सुटे' येत असतील तर तास वाढवून उपयोग नाही, पुढच्या सेमला प्रत्येक मुद्द्याखाली 'म्हणून काय?' लिहायची सवय लावा. उत्तर जोडलेलं असूनही मार्क कमी वाटत असतील तरच पुनर्मूल्यांकनाला पैसे भरा, आणि त्याआधी त्या विषयाच्या शिक्षकांना ती प्रत दाखवा. झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकन या दोन्हींच्या मुदती कमी दिवसांच्या असतात. त्यामुळे निकाल लागेल त्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसात दोन्हींच्या तारखा आणि फी विचारून घ्या.